१३७ वं नाव : लूशा हॅरिस आणि खेळ थांबल्यानंतरची ४५ वर्षं

जून १९७७. अमेरिकेतल्या एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट चालू होता. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंवर प्रत्येक संघ पाळीपाळीने हक्क सांगतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. सातव्या फेरीत न्यू ऑर्लिन्स जॅझ संघाची पाळी आली आणि एकूण १३७ वं नाव पुकारलं गेलं ते एका मुलीचं. लूशा हॅरिस, वय २२, उंची ६ फूट ३ इंच, मिसिसिपीमधल्या डेल्टा स्टेट युनिव्हर्सिटीची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू. तिच्या नावानंतर ३३ पुरुषांची नावं निघाली.

ती ट्रायलला गेलीच नाही. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं होतं आणि तिला दिवस गेले होते.

तिच्याबद्दल जिथे जिथे वाचावं तिथे हीच गोष्ट आधी सांगतात: एनबीएला नाही म्हणणारी मुलगी. मी गेली कित्येक वर्षं शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्यामुळे माझं लक्ष त्या नकारापेक्षा पुढच्या वर्षांकडे जास्त जातं. २२ व्या वर्षी जगातल्या सर्वांत चांगल्या सेंटरमध्ये जिची गणना होत होती, ती २३ व्या वर्षी काय करत होती? ३० व्या वर्षी? ५० व्या? आमच्या ग्राउंडवर मुलीला घ्यायला आलेली आई फाटकाशी थांबून मला हेच विचारते, "मॅडम, खेळतेय छान, पण पुढे काय?" लूशाचं आयुष्य हे या प्रश्नाचं एक पूर्ण उत्तर आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

मिंटर सिटी ते क्लीव्हलँड

लूशाचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ चा. मिसिसिपी डेल्टामधलं मिंटर सिटी हे नावालाच सिटी. प्रत्यक्षात कापसाच्या शेतांमधलं खेडं. ११ भावंडांतली ती १० वी. घरचे सगळे शेतात राबायचे, कापूस वेचायचे, तीही वेचायची. तिच्या जन्माच्या वर्षीच, ऑगस्टमध्ये, याच भागातल्या मनी नावाच्या गावातून एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला रात्री उचलून नेलं आणि ठार मारलं. कोणत्या मातीतून ही मुलगी वर आली, ते कळावं म्हणून हे सांगितलं.

घरात बास्केटबॉलचं वेड भावांना होतं. अंगणातल्या कोर्टवर सगळे खेळायचे. रात्री झोपायची वेळ झाली की लूशा डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायची आणि आईला कळू न देता टीव्हीवर एनबीएचे सामने बघायची. ऑस्कर रॉबर्टसन तिचा सर्वांत आवडता. शाळेतली मुलं तिला उंचीवरून चिडवायची: लांब आहे, उंच आहे, बाकी काही नाही. उंच मुलगी वर्गात पाठीला पोक काढून बसते, हे मी दरवर्षी बघते. कोर्टवर आली की पहिल्यांदा ती ताठ उभी राहते. ग्रीनवुडच्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये लूशाचंही तसंच झालं असणार. तिथे एका सामन्यात तिने ४६ गुण केले होते.

पुढे ती अल्कॉर्न स्टेटला जाणार होती. तिथे मुलींचा संघच नव्हता, म्हणजे बारावीनंतर खेळ बंद. नेमकं त्याच सुमाराला दोन गोष्टी जुळून आल्या. १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला त्याने बंदी घातली. आणि १९७३ मध्ये जवळच्याच क्लीव्हलँड गावातल्या डेल्टा स्टेटने मुलींचा संघ पुन्हा उभा करायचं ठरवून मार्गारेट वेड यांना कोच म्हणून बोलावलं.

या 'पुन्हा' मागे एक जुनी जखम आहे. वेड १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला याच कॉलेजच्या संघातून खेळत होत्या. बायकांना हा खेळ झेपत नाही असं म्हणून कॉलेजने संघ बंद केला. मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले. त्यानंतर वेड यांनी वर्षानुवर्षं हायस्कूलच्या मुलींना शिकवलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांना पुन्हा त्याच कॉलेजमध्ये तोच संघ मिळाला. त्यात लूशा.

संघात ती एकटी काळी मुलगी. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारी, होती डेबी ब्रॉक, उंची ४ फूट ११ इंच. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना या जोडीचं मोल लगेच कळेल. लूशा बास्केटला पाठ करून 'लो पोस्ट'वर, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ, जागा धरायची. पाठीवर बचाव करणारीचा सगळा भार घ्यायचा, एक हात वर करून चेंडू मागायचा, पास हातात पडताच खांद्याने चकवून वळायचं आणि बोर्डवरून अलगद आत. दिसायला सोपं, पण त्यात अर्ध्याहून जास्त काम चेंडू येण्याआधीच झालेलं असतं: पाय रोवून जागा धरण्याचं. तिच्या १०० शॉटपैकी ६० हून अधिक आत जायचे. चुकलेले तीच उचलायची.

आकडे एकदाच सांगते. डेल्टा स्टेटकडून २,९८१ गुण, १,६६२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). सामन्यामागे सरासरी २५.९ गुण आणि १४.५ रिबाउंड. १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं. १९७४-७५ च्या मोसमात २८ पैकी २८ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात त्याआधी सलग तीन वर्षं अजिंक्य असलेल्या इमॅक्युलाटा कॉलेजला ९०-८१ असं हरवलं. एका टप्प्यावर हा संघ सलग ५१ सामने जिंकला होता. १९७५-७६ मध्ये लूशाची सरासरी ३१.२ गुणांची होती. पुढच्याच मोसमात पीट मॅरॅविच एनबीएमध्ये सर्वाधिक सरासरीचा खेळाडू ठरला, त्याची सरासरी ३१.१. मॅरॅविच न्यू ऑर्लिन्स जॅझकडूनच खेळत होता. दोन वेगळ्या खेळांची तुलना करू नये हे मान्य. पण जॅझच्या ऑफिसात हा आकडा कुणाच्या डोळ्यांखालून गेला नसेल असं मला वाटत नाही.

मॉन्ट्रियल

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं. अमेरिकेच्या मुलींकडून कुणाला फार आशा नव्हती. आदल्या वर्षी कोलंबियात झालेल्या जागतिक स्पर्धेत त्या आठव्या आल्या होत्या आणि ऑलिंपिकचं तिकीटही त्यांना अगदी शेवटी, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पात्रता स्पर्धेत मिळालं. १९ जुलैला पहिला सामना जपानशी झाला. महिला ऑलिंपिक बास्केटबॉलच्या इतिहासातली पहिली बास्केट लूशाने केली. कापूस वेचणाऱ्या घरातली ११ पैकी १० वी मुलगी, अंगावर ७ नंबरची जर्सी.

तो सामना अमेरिका ७१-८४ ने हरली. सोव्हिएत संघाने त्यांना ११२-७७ असं झोडपलं. पण बल्गेरिया, कॅनडा आणि चेकोस्लोव्हाकियाला हरवून रौप्यपदक आलं. लूशाची स्पर्धेतली सरासरी १५.२ गुण, ७ रिबाउंड.

त्या संघात तिच्याबरोबर अ‍ॅन मायर्स होती, पॅट हेड होती, आणि जेमतेम १८ वर्षांची नॅन्सी लीबरमन होती. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तिच्यासमोर खरोखर काय पर्याय होते?

आता १९७७ च्या उन्हाळ्यात परत येऊ. हातात आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाची पदवी, गळ्यात ऑलिंपिकचं रौप्य, तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं. खेळून पोट भरायचं म्हटलं तर अमेरिकेत महिलांची एकही व्यावसायिक लीग नव्हती. म्हणजे मैदानावरचा तिचा रस्ता दोनच ठिकाणी जात होता: परदेशातला एखादा क्लब, किंवा न्यू ऑर्लिन्सच्या ड्राफ्टचा तो कागद.

कागदाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. याआधी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने डेनिस लाँग या मुलीचं नाव १३ व्या फेरीत घेतलं होतं आणि लीगच्या आयुक्तांनी ती निवड रद्दबातल ठरवली होती. लूशाची निवड टिकली, म्हणून अधिकृतपणे ड्राफ्ट झालेली पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री तीच. मान मोठाच आहे. पण सातव्या फेरीतल्या खेळाडूला पक्की नोकरी मिळत नसे. मिळायची ती शिबिरात येऊन स्वतःला सिद्ध करण्याची संधी. त्याच सातव्या फेरीत कॅन्सस सिटीच्या संघाने मॉन्ट्रियलच्या डेकॅथलॉनमधल्या सुवर्णपदक विजेत्याचं नाव घेतलं, जो बास्केटबॉलपटू नव्हताच. त्या वर्षीच्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये बातमीत येण्यासाठी घेतलेली नावं होती, हे उघड आहे. लूशाला स्वतःलाही तो प्रसिद्धीचा प्रकार वाटला आणि पुरुषांशी अंगावर अंग घेऊन खेळणं जमेल असंही वाटलं नाही, असं तिने पुढे सांगितलं. जॅझचा हेतू काय होता याची चर्चा लोक अजून करतात. मला ती चर्चा फार पुढे नेणारी वाटत नाही. गरोदर बाईला शिबिरात जाता येत नाही, आणि तिला सांभाळून घेईल, वर्षभराने परत ये म्हणेल, अशी कुठलीच व्यवस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती.

समजा ती गेली असती तर? याचं उत्तर आपल्याकडे बऱ्यापैकी आहे, कारण दोनच वर्षांनी ते घडलं. १९७९ मध्ये इंडियाना पेसर्सने अ‍ॅन मायर्सशी ५०,००० डॉलरचा करार केला. तीन दिवसांची ट्रायल झाली. तिला संघात घेतलं नाही. मात्र करार झालेला असल्यामुळे तिला समालोचनाचं काम मिळालं आणि त्यातून तिची पुढची कारकीर्द उभी राहिली. तिथे अ‍ॅनचा खेळ कामी आला त्याहून जास्त तिच्या हातातला करार कामी आला. लूशाच्या हातात तसं काही नव्हतं.

पुढची वर्षं

मग तिने काय केलं? डेल्टा स्टेटमध्येच प्रवेश विभागात समुपदेशकाची नोकरी धरली आणि सहायक कोचचं कामही केलं. कालपर्यंत जिचं नाव घेऊन आख्खं कॉलेज ओरडत होतं, ती आता नव्या मुलांना अर्ज कसा भरायचा ते समजावत होती. यात मला कमीपणा दिसत नाही. पण हा बदल किती अचानक झाला याचा विचार करा. मार्चमध्ये अजिंक्यपद, आणि शरद ऋतूत नवा मोसम सुरू होतो तेव्हा तुमच्यासाठी मॅचच नाही. मागच्या वीस वर्षांत मी अनेक मुलींना युनिव्हर्सिटीचा शेवटचा सामना खेळताना बघितलं आहे. त्या दिवशी त्या रडत नाहीत. रडतात तीन-चार महिन्यांनी, सकाळी साडेपाचला जाग येते आणि कुठे जायचं नसतं तेव्हा.

याच काळात लूशाचं मन आजारी पडलं. तिला बायपोलर डिसऑर्डर असल्याचं निदान झालं. मन एकदा फार वर चढतं आणि मग फार खाली कोसळतं, असा हा दीर्घकाळचा आजार. औषधं नियमित घ्यावी लागतात. पुढे तिने याबद्दल उघडपणे सांगितलं, आणि त्या पिढीतल्या, त्या भागातल्या बाईसाठी ते सोपं नव्हतं. खेळ सुटला म्हणून आजार झाला, असं काहीजण सुचवतात. मी तसं लिहिणार नाही. या आजाराची मुळं शरीरात, रक्ताच्या नात्यांत खोल असतात. एवढं मात्र खरं की संघ असताना रोज कुणीतरी आपल्याला बघत असतं. चाल मंद झाली, चेहरा उतरला, तर कोचला कळतं. संघ गेला की ती नजर जाते.

१९७८ च्या शेवटी महिलांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिल्या वर्षी ह्यूस्टन एंजल्स संघ जिंकला. १९७९-८० च्या मोसमात लूशा त्या संघाकडून खेळली, तोवर ती आई झाली होती. एकच मोसम. १९८१ मध्ये लीगच बंद पडली. तिच्या व्यावसायिक कारकिर्दीबद्दल लिहायला एवढंच आहे, आणि मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हेच: चार वर्षांच्या कॉलेजबद्दल पानं भरतात आणि नंतरच्या खेळाला चार ओळी पुरतात.

तिथून पुढचं आयुष्य मात्र पदवीने पेललं. १९८४ मध्ये तिने डेल्टा स्टेटमधूनच शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. १९८४ ते १९८६ टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या संघाची मुख्य कोच होती. नंतर मिसिसिपीला परतली आणि शिक्षिका झाली. ज्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये ती घडली तिथे शिकवलं, मुलींना कोचिंग दिलं; विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग घेतले. दोन मुलगे आणि जुळ्या मुली अशी चार मुलं वाढवली. ऑलिंपिकमधली पहिली बास्केट करणारी बाई आपल्याला शिकवते, हे वर्गातल्या किती मुलांना माहीत असेल, कोण जाणे.

तिच्याबद्दलच्या लेखनात या भागाला 'विस्मरणात गेली' असं म्हणून मोकळे होतात. शिक्षिका विस्मरणात जात नाही हो. जगाच्या वर्तमानपत्रांना ती दिसत नव्हती, एवढंच. ग्रीनवुडमध्ये ती रोज सकाळी वर्गावर जात होती.

१९९२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. खेळाडू म्हणून तिथे पोचलेल्या पहिल्या दोन स्त्रिया म्हणजे लूशा आणि नेरा व्हाइट. काळ्या स्त्रियांमध्ये लूशा पहिली. समारंभात तिचा परिचय करून द्यायला ऑस्कर रॉबर्टसन उभा होता. गोधडीखालून बघितलेला तोच.

त्याच संघातल्या बाकीच्या तिघी

एक आयुष्य बघून निष्कर्ष काढू नये, म्हणून मॉन्ट्रियलच्या त्या तीन नावांकडे वळते. पॅट हेड, म्हणजे नंतरच्या पॅट समिट. ऑलिंपिकच्याही दोन वर्षं आधी, २२ व्या वर्षी, टेनेसी युनिव्हर्सिटीने तिला कोच केलं होतं, महिना २५० डॉलरवर. मुलींचे गणवेश ती स्वतः धुवायची, व्हॅन स्वतः चालवायची. ३८ वर्षांत १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय अजिंक्यपदं. २०११ मध्ये तिला अल्झायमरचं निदान झालं, २०१६ मध्ये ती गेली. अ‍ॅन मायर्सचं वर आलंच आहे. नॅन्सी लीबरमन सर्वांत लहान, आणि तेच तिच्या फायद्याचं ठरलं.

चौघींच्या गुणवत्तेत असा काही फरक नव्हता की एकीला शिखर आणि दुसरीला विस्मरण मिळावं. फरक पडला तो खेळ चालू असतानाच पुढची नोकरी हातात होती की नव्हती यावर. पॅटकडे होती. अ‍ॅनकडे करार होता. चौघींत काळी मुलगी एकच होती, गरीब शेतमजुराच्या घरातली एकच होती, आणि पदवी घेऊन बाहेर पडताना आई होऊ घातलेलीही एकच होती. या तिन्ही गोष्टी एकाच मुलीच्या वाट्याला आल्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेने निघालं: रेल्वे. सीनियर नॅशनलला महिलांमध्ये वर्षानुवर्षं रेल्वेचा दबदबा आहे, कारण चांगली मुलगी दिसली की तिला स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळते. केरळच्या गीतू अ‍ॅना जोसचं उदाहरण घ्या. दक्षिण रेल्वेत नोकरी, मध्ये ऑस्ट्रेलियात रिंगवुड क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या तीन संघांच्या ट्रायल दिल्या. निवड झाली नाही, पण परतायला नोकरी होती. आमच्या पालकांना रेल्वेची नोकरी हवी असते म्हणून त्यांना खेळाचं काही पडलेलं नाही, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. लूशाचं आयुष्य वाचल्यावर मी ते म्हणणं सोडलं. मुलगी मोठी होत असताना घरचे तिच्या तिशीचा विचार करतात, तो तिच्या खेळाचाच भाग आहे. माझी तक्रार दुसरी आहे: कोट्यातल्या जागा मूठभर असतात आणि जिची जागा हुकते तिच्यासाठी आमच्याकडे आजही काही तयार नसतं. म्हणून दहावीनंतर मुलगी प्रॅक्टिस बुडवून क्लासला गेली तर मी आता रागावत नाही.

१८ जानेवारी २०२२ रोजी लूशा हॅरिस मिसिसिपीत वारली. वय ६६. दोन महिन्यांनी, २७ मार्चला, तिच्यावरच्या २२ मिनिटांच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून बोलते, मनमोकळं हसते, जुन्या सामन्यांबद्दल बोलताना तिचे डोळे चमकतात. आपण पुरुष असतो तर पुढे जायला वाटा असत्या, पैसा असता, हेही ती सांगते. आवाज न चढवता सांगते.

डब्ल्यूएनबीए, म्हणजे आजही चालू असलेली महिलांची लीग, तिचा पहिला सामना २१ जून १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला, जॅझच्या त्या ड्राफ्टनंतर २० वर्षांनी. १४,००० हून अधिक प्रेक्षक आले होते. नॅन्सी लीबरमन त्या पहिल्या मोसमात फिनिक्सकडून खेळली, वयाच्या ३९ व्या वर्षी. लीगमधली पहिली बास्केट पेनी टोलरने केली. लूशा तेव्हा ४२ वर्षांची होती.